रॉकेट परत आलं, पण पुन्हा कधी निघणार?

१८ सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने इस्रोच्या पुढच्या पिढीच्या रॉकेटला, म्हणजे एनजीएलव्हीला मंजुरी दिली. ८,२४० कोटी रुपये, आठ वर्षांची मुदत, तीन चाचणी उड्डाणं, पृथ्वीजवळच्या कक्षेत ३० टनांपर्यंत वजन न्यायची ताकद आणि पहिला टप्पा पुन्हा वापरता येईल असा. तेव्हापासून या विषयावर बोलणं निघालं की लोक दोनच गोष्टी बोलतात, एक म्हणजे ३० टन आणि दुसरं म्हणजे आता आपलं पण रॉकेट स्पेसएक्ससारखं उभं उतरणार. दोन्ही अभिमानाच्याच गोष्टी आहेत, वादच नाही. पण एवढा खर्च करून पुढे पैसे वाचणार की नाही हे ज्या आकड्यांवर ठरणार आहे ते कोणी विचारतच नाहीये. उतरलेला बूस्टर, म्हणजे रॉकेटचा हा पहिला टप्पा, पुन्हा उडायला किती दिवस लागणार, आणि त्या दिवसांत त्याच्याभोवती किती माणसं राबणार?

माझं म्हणणं असं आहे की वर्षाला पाच-सात रॉकेटं सोडणाऱ्या आपल्यासारख्या देशासाठी हे आकडे अमेरिकेपेक्षाही जास्त महत्त्वाचे आहेत आणि ते आत्ता, सगळं कागदावर असतानाच ठरवायला पाहिजेत. एसटीची गाडी रात्री डेपोत आली की सकाळी परत फेरीला निघते, मध्ये झाडलोट, हवा-पाणी, ब्रेक बघणं, डिझेल, झालं. प्रत्येक मुक्कामी इंजिन उतरवून खोलायला लागलं असतं तर गाडी कितीही दणकट असो, तिकीट कोणालाच परवडलं नसतं. रॉकेटच्या बाबतीत मात्र आपण सगळे गाडी डेपोत आली इथेच टाळ्या वाजवून मोकळे होतो.

स्पेस शटलचं उदाहरण यासाठी नीट बघायला पाहिजे, कारण ते पण पुन्हा वापरायचंच यान होतं आणि परत पण यायचं, अगदी विमानासारखं धावपट्टीवर. १२ एप्रिल १९८१ ला कोलंबिया पहिल्यांदा उडालं, जुलै २०११ मध्ये अटलांटिस शेवटचं उतरलं, एकूण १३५ उड्डाणं. सत्तरच्या दशकात जे अंदाज मांडले गेले त्यात वर्षाला पन्नासेक उड्डाणं आणि एकाच यानाच्या दोन उड्डाणांमध्ये साधारण दोन आठवडे असा हिशोब होता. प्रत्यक्षात एका वर्षात सगळ्यात जास्त उड्डाणं झाली ती १९८५ मध्ये, नऊ, आणि एकाच यानाने सगळ्यात लवकर पुन्हा झेप घेतली ती पण त्याच वर्षी, अटलांटिसने, ५४ दिवसांनी. सगळा कार्यक्रम संपल्यावर एकूण खर्चाला उड्डाणांच्या संख्येने भागलं तर एका उड्डाणाला साधारण दीड अब्ज डॉलर पडतात. शिवाय चॅलेंजर आणि कोलंबियामध्ये गेलेले चौदा जीव, त्यांचा तर हिशोबच नाही.

असं का झालं? नासातली माणसं कमी हुशार होती म्हणून नक्कीच नाही. टाइल्सचंच बघा. कोलंबियाच्या अंगावर सिलिकाच्या ३० हजारांहून जास्त टाइल्स होत्या, आकार वेगवेगळे, प्रत्येकीला तिचा नंबर आणि तिची ठरलेली जागा, खाली फेल्टची पातळ गादी आणि सिलिकॉनचा चिकट थर. ही टाइल आतून इतकी सच्छिद्र की पाणी लागलं तर शोषून जड होते, आणि फ्लोरिडात पावसाला काही तोटा नाही, म्हणून तिला वॉटरप्रूफ करायचं. पण ते वॉटरप्रूफिंग वातावरणात परत येतानाच्या उष्णतेत जळून जायचं. मग काय, प्रत्येक उड्डाणानंतर माणसं यानाच्या पोटाखाली उभी राहून एकेका टाइलच्या बारीक छिद्रात सुईने रसायन टोचायची, आणि वर तपासणी, कुठे भेग आहे का, कुठली सैल झालीये का, दोन टाइल्समधली फट बरोबर आहे का. हजारो टाइल्स, दर वेळी. या कामाला कितीही चांगला मॅनेजर दिला असता तरी ते आठवड्यात उरकलं नसतं, कारण ते यानाच्या डिझाइनमधूनच आलेलं होतं.

टाइल्सवर सगळेच खापर फोडतात, पण मला विचाराल तर त्याहून जास्त नडलं ते विषारी इंधन. कक्षेत वळायला-सरकायला शटलमध्ये मोनोमिथाइल हायड्राझिन आणि नायट्रोजन टेट्रॉक्साइड असायचं आणि हायड्रॉलिकचे पंप फिरवायला वेगळं हायड्राझिन. पहिली दोन एकमेकांना भेटली की आपोआप पेटतात, ठिणगीची गरज नाही, वर्षानुवर्षं टाकीत टिकतात, म्हणून इंजिन बनवणाऱ्यांना ती फार भरवशाची वाटतात आणि ते खरंही आहे. पण जमिनीवर काम करणाऱ्याच्या बाजूने बघा ना. त्यांच्या जवळपास काम करायचं तर अख्खं अंग झाकणारा सूट, आत श्वासाच्या हवेची सोय, आणि ते काम चालू असेपर्यंत बाकीच्यांनी तिथून बाहेर पडायचं. म्हणजे जी कामं एकाच वेळी शेजारी शेजारी झाली असती ती एकामागून एक करत बसायची. त्यात अजून लिक्विड हायड्रोजन, लिक्विड ऑक्सिजन, यान थंड ठेवायला अमोनिया आणि फ्रेऑन, हायड्रॉलिकचं तेल, हेलियम, नायट्रोजन, पाणी. प्रत्येक नव्या द्रवाबरोबर वेगळ्या नळ्या येतात, वेगळे व्हॉल्व्ह, वेगळी लीक टेस्ट, वेगळं सामान आणि ते सांभाळणारी वेगळी टीम, जिचा पगार यान उडो न उडो दर महिन्याला चालूच राहतो. बाजूचे सॉलिड, म्हणजे घन इंधनाचे, बूस्टर समुद्रात पडायचे, दोन जहाजं जाऊन ते ओढून आणायची, मग खारं पाणी धुवायचं, सुटे करायचे आणि केसिंग, म्हणजे त्यांची बाहेरची कवचं, रेल्वेने पार युटा राज्यापर्यंत पाठवायची.

आणि याचं मूळ १९७२ च्या आसपासच्या बजेटमध्ये आहे. दोन्ही टप्पे पूर्णपणे परत येतील असं डिझाइन आधी समोर होतं, पण विकासाचा खर्च पाच अब्ज डॉलरच्या आसपास बसवा असं वरून आल्यावर ते सोडून द्यावं लागलं. त्यात एअर फोर्सला मोठी मालाची जागा हवी होती आणि परत येताना बाजूला दोनेक हजार किलोमीटर सरकता यायला हवं होतं, म्हणून मोठे डेल्टा पंख आले आणि त्यांच्यावर आणखी टाइल्स. सुरुवातीला वाचवलेला पैसा पुढची तीस वर्षं जमिनीवरच्या कामात व्याजासकट भरावा लागला. ८,२४० कोटींचा आकडा वाचताना मला हीच काळजी वाटते, की आकड्यात बसवायच्या घाईत आपणही नेमकी अशीच काटछाट करून ठेवू.

उलट्या बाजूचं उदाहरण फारसं कोणाला माहीत नसतं, डीसी-एक्सचं. मॅकडोनेल डग्लसने बनवलेलं छोटं रॉकेट, ऑगस्ट १९९३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सला पहिल्यांदा उडून उभंच्या उभं उतरलं, म्हणजे स्पेसएक्सच्या फाल्कन रॉकेटच्या वीसेक वर्षं आधी. ते अंतराळात जाणारं नव्हतंच. ज्या लोकांनी ते बनवलं त्यांना सिद्ध करायचं होतं की थोड्या माणसांत आणि थोड्या वेळात हे परत उडवता येतं, आणि त्याची कंट्रोल रूम तीन माणसं चालवायची. जून १९९६ मध्ये त्याच्या सुधारलेल्या अवतारातलं यान २६ तासांत दोनदा उडालं. पुढच्याच महिन्यात उतरताना एक पाय उघडला नाही, कारण त्या पायाची हवेच्या दाबाची नळी जोडायचीच राहिली होती, यान आडवं पडलं आणि जळालं. तिथेच तो कार्यक्रम संपला. मला या गोष्टीचं फार वाईट वाटतं, कारण उत्तर हातात असताना पुढची कितीतरी वर्षं वाया गेली, आणि थोड्या माणसांत काम करायचं तर जोडण्या मुळातच कमी पाहिजेत, आणि विसरलेली जोडणी यानानेच ओरडून सांगायला पाहिजे, हा धडाही त्याच अपघातात होता.

आता फाल्कन ९. पहिला बूस्टर जमिनीवर परत उतरला तो २१ डिसेंबर २०१५ ला, आणि सगळ्यांना तीच तारीख लक्षात आहे. पण जो बूस्टर सगळ्यात आधी दुसऱ्यांदा उडाला तो उतरला होता एप्रिल २०१६ मध्ये आणि उडाला ३० मार्च २०१७ ला, म्हणजे जवळपास एक वर्ष तो जमिनीवरच होता. जुलै २०२० मध्ये एका बूस्टरने ५१ दिवसांनी पुन्हा उड्डाण करून अटलांटिसचा ५४ दिवसांचा जुना विक्रम मोडला आणि मार्च २०२५ मध्ये ते अंतर नऊ दिवसांवर आलं. एक वर्ष ते नऊ दिवस, खरी कमाई इथे आहे, आणि ती उतरण्याच्या व्हिडिओत कुठेच दिसत नाही.

ही कमाई कशी झाली तर अगदी बारीकसारीक आणि कंटाळवाण्या वाटतील अशा बदलांनी. उतरताना दिशा देणारे जाळीचे पंख आधी अॅल्युमिनियमचे होते, ते उष्णतेने खराब व्हायचे, मग टायटॅनियमचे केले, आता ते बदलायला लागत नाहीत. उतरायचे पाय आधी काढून ठेवावे लागायचे, नंतर जागच्या जागी परत मिटतील असे केले. नऊ इंजिनं धरणारी चौकट वेल्डिंगची होती ती बोल्टची केली, म्हणजे खोलून बघता येते आणि दुरुस्त करता येते. मे २०१८ मध्ये आलेल्या ब्लॉक ५ मध्ये हे सगळं एकत्र आलं आणि तो मोठ्या डागडुजीशिवाय दहा वेळा उडावा अशा हिशोबाने बनवला होता. नाकाचं कवच म्हणजे फेअरिंग पकडायला त्यांनी आधी जहाजावर भलंमोठं जाळं लावलं, बघायला भारी होतं, पण जास्त वेळा हुकायचं, शेवटी जाळं काढून टाकलं आणि कवच पाण्याला टिकेल असं करून सरळ समुद्रातून उचलायला लागले. दिसायला भारी आणि चालवायला स्वस्त यातलं दुसरं निवडायची ही तयारी मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटते. दोन्ही टप्प्यांना एकच इंधन, केरोसिन आणि लिक्विड ऑक्सिजन, आणि दोन्ही टप्प्यांत एकाच घराण्यातलं मर्लिन इंजिन, हे तर पहिल्यापासूनच.

किंमत मोजावी लागते, ती लपवायचं कारण नाही. परत यायला इंधन राखून ठेवावं लागतं, पाय-पंखांचं वजन वाहावं लागतं. फाल्कन ९ बूस्टर फेकून दिला तर ट्रान्सफर कक्षेत, म्हणजे जिथून उपग्रह पुढे आपल्या उंच कक्षेत जातो तिथे, ८.३ टन नेतो, परत आणायचा तर साधारण ५.५ टन. ज्यांनी उभं आयुष्य एकेक किलो वाचवण्यात घालवलंय त्या इंजिनिअरला हे बघून पोटात कालवतं, साहजिक आहे. पण १९ नोव्हेंबर २०२४ ला आपलाच ४,७०० किलोचा जीसॅट-एन२ उपग्रह कशावरून गेला? फाल्कन ९ वरून, फ्लोरिडातून, कारण तो आपल्या सगळ्यात ताकदवान रॉकेटला, एलव्हीएम३ ला, पेलणारा नव्हता. गेलेला तो जवळपास तीन टनांचा फायदा गिऱ्हाइकाला दिसतच नाही, त्याला तारीख आणि भाव दिसतो.

आता आपल्याकडचा सगळ्यात जोरदार आक्षेप. लोक म्हणतात, फाल्कन २०२४ मध्ये एका वर्षात १३० हून जास्त वेळा उडाला, त्यातली निम्म्याहून जास्त उड्डाणं स्पेसएक्सच्याच स्टारलिंक उपग्रहांची, आपल्याकडे एवढं काम आहे कुठे? युरोपात एरियान रॉकेट बनवणाऱ्यांनी २०१८ मध्ये हाच मुद्दा मांडला होता, की दहा वेळा उडणारं रॉकेट बनवलं आणि वर्षाला दहाच उड्डाणं असली तर कारखान्याने वर्षात एकच रॉकेट बनवायचं, मग कामगारांना काय सांगायचं? अमेरिकेतल्या यूएलए या रॉकेट कंपनीच्या प्रमुखांचा हिशोब असा होता की सरासरी दहा उड्डाणं झाली तरच पुनर्वापर परवडतो. हे आक्षेप खरे आहेत आणि त्यांना 'देशाची शान' असं उत्तर देऊन भागणार नाही.

पण नीट बघा, या हिशोबात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे बूस्टर परत आणून तयार करायचा खर्च मोठा आणि कायमचा आहे. काम कमी असलेल्या देशाला मारतो तो कायमचा खर्च, रिकामी बसलेली माणसं, सूट, टाक्या, जहाजं, हँगर. शटल त्यानेच बुडालं. मग आपली उड्डाणं कमी आहेत याचा अर्थ पुनर्वापर सोडून द्या असा होत नाही, अर्थ असा होतो की आपला बूस्टर जगातल्या कुठल्याही बूस्टरपेक्षा कमी माणसांत, कमी सामानात तयार व्हायला पाहिजे. अमेरिकेला वर्षाला शंभर उड्डाणांवर खर्च पसरवता येतो, आपल्याला दहावर पसरवायचाय. आणि काम अगदीच नाही असंही नाही, त्याच सप्टेंबर २०२४ च्या दिवशी भारतीय अंतराळ स्थानकाच्या पहिल्या भागालाही मंजुरी मिळाली, २०३५ पर्यंत स्थानक पूर्ण करायचंय, आणि संरक्षणासाठी ५२ टेहळणी उपग्रहांना ऑक्टोबर २०२४ मध्ये परवानगी मिळाली आहे.

आपली आजची रॉकेटं या दृष्टीने पाहिली तर एनजीएलव्हीच्या बूस्टरमध्ये मिथेन इंधन वापरायचा निर्णय किती चांगला आहे ते कळतं. पीएसएलव्हीमध्ये चार टप्पे, एक सॉलिड, एक द्रव, पुन्हा सॉलिड, पुन्हा द्रव, आणि द्रव म्हणजे तेच विषारी घराणं. एलव्हीएम३ मध्ये दोन सॉलिड, मध्ये विकास नावाची द्रव इंधनाची इंजिनं, वर हायड्रोजन. म्हणजे एका रॉकेटला तीन प्रकारची कामं, तीन प्रकारच्या टीम्स. फेकून द्यायच्या रॉकेटला हे चालून गेलं, आणि या रॉकेटांनी चांद्रयान-मंगळयान नेलेत, त्यांचा मान वेगळाच. पण सॉलिड एकदा पेटला की विझवून पुन्हा पेटवता येत नाही, त्यामुळे यातलं कुठलंच रॉकेट उभं उतरवायचा सराव करायला पण उपयोगाचं नाही. मिथेन केरोसिनपेक्षा स्वच्छ जळतो, इंजिनात काजळी कमी बसते, विषारी नाही, त्याच्याजवळ रोजच्या कपड्यांत नसलं तरी साध्या खबरदारीने काम करता येतं. माझी एकच शंका आहे, वरचा टप्पा आपल्या ओळखीच्या हायड्रोजनचा ठेवला तर लाँचपॅडवर पुन्हा एक वेगळी यंत्रणा सांभाळावी लागणार. ताकद वाढेल यात शंका नाही, पण तिच्यासाठी लागणाऱ्या माणसांचा हिशोब पण त्याच तक्त्यात मांडा, एवढंच म्हणणं.

पुष्पकचं, म्हणजे इस्रोच्या पंखांच्या यानाचं पण बोलायला हवं, कारण बरेच जण ते आणि एनजीएलव्ही यांची गल्लत करतात. चित्रदुर्गजवळ चळ्ळकेरेला चिनूक हेलिकॉप्टरमधून सोडलेलं पंखांचं यान २०२३ आणि २०२४ मध्ये तीनदा स्वतःहून धावपट्टीवर उतरलं, शेवटच्या वेळी ३२० किलोमीटरच्या वेगाने, फार अवघड काम आहे ते आणि फार सुंदर जमलं. पण ती वाट कक्षेतून परत येणाऱ्या यानाची. तिथे टाइल्सचा प्रश्न आपल्यालाही येणारच, आणि तेव्हा शटलच्या पोटाखाली सुई घेऊन उभी राहिलेली माणसं आठवावीत. आकार कमीत कमी, अदलाबदल करता येतील अशा टाइल्स, हे आत्ताच ठरवता येतं.

उतरायचं कुठे हा अजून एक प्रश्न. बंगालच्या उपसागरात बार्ज, म्हणजे उतरायला सपाट तराफा, ठेवला तर वजन जास्त नेता येतं, पण ऑक्टोबर ते डिसेंबर तिथे चक्रीवादळांचे दिवस, लाटांमुळे उड्डाण अडलं तर सगळा कारभार अडणार, शिवाय बूस्टर किनाऱ्यावर आणायला दिवस जाणार, खारी हवा लागणार ती वेगळी. जिथून उडाला त्याच किनाऱ्यावर परत आणला तर वजन अजून कमी होतं पण बार्ज, टग, क्रेन, खलाशी काही लागत नाही. उड्डाणं थोडी असतील तर मला दुसरा पर्याय जास्त पटतो. श्रीहरिकोट्याच्या तिसऱ्या लाँचपॅडला जानेवारी २०२५ मध्ये जवळपास ३,९८५ कोटी मंजूर झालेत, चार वर्षांत बांधायचाय. त्याच्या शेजारी उतरायची जागा आणि तपासणीची शेड पहिल्या दिवसापासून आराखड्यात असली पाहिजे, नंतर जोडू म्हटलं की ती दोन किलोमीटर लांब आणि चुकीच्या बाजूला जाते.

कामगारांचा प्रश्न महाराष्ट्राला थेट लागू आहे. विक्रोळीला गोदरेजमध्ये विकास इंजिनं बनतात, इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला मोटर केसिंग्ज बनतात. बूस्टर परत यायला लागले तर नवी इंजिनं कमी लागणार आणि सॉलिड केसिंगची गरज तर हळूहळू घटतच जाणार, हे आत्ताच मोकळेपणाने सांगायला हवं. वर्षाला दोन-चारच इंजिनं बनवणारी लाइन हात विसरते, क्वालिटी घसरते, हा धोका खराच आहे. यावर उपाय म्हणजे वरच्या टप्प्यांतही शक्य तिथे तेच मिथेन इंजिन वापरायचं, ते दर उड्डाणाला जातंच म्हणजे लाइन चालू राहते, आणि परत आलेल्या इंजिनांची तपासणी-दुरुस्ती बनवणाऱ्या कारखान्यालाच द्यायची. त्यासाठी विक्रोळीच्या शॉप फ्लोअरवरच्या माणसाला डिझाइन रिव्ह्यूत आज बसवायला पाहिजे, जो बघून सांगेल की हा बोल्ट इथे ठेवला तर पाना घालायला जागा नाही, हा सेन्सर बदलायचा तर आधी अख्खा पंप उतरवावा लागेल. माझं तर मत आहे की अशा माणसाला नुसता सल्ला द्यायचा हक्क नको, ड्रॉइंग अडवायचा हक्क पाहिजे.

शेवटची मागणी खासदारांकडे आहे, कारण पैसे तिथून जातात. तीनच चाचणी उड्डाणं आहेत आणि त्यांचं यश कशाला म्हणायचं हे अजून आपल्या हातात आहे. स्पेसएक्सने उतरायचा सराव गिऱ्हाइकाच्या पैशाने गेलेल्या उड्डाणांवर केला, आपल्याला ती सोय नाही, म्हणून त्याआधी छोट्या उडी मारणाऱ्या रॉकेटला वेगळे पैसे द्या. होंडासारख्या गाड्या बनवणाऱ्या कंपनीने जून २०२५ मध्ये होक्काइदोला २७१ मीटर उडून परत उतरवून दाखवलंय. आणि एनजीएलव्हीच्या तीन उड्डाणांपैकी तिसरं पहिल्या किंवा दुसऱ्या उड्डाणातून परत आलेल्या बूस्टरवर करा, उतरल्यापासून पुन्हा उडेपर्यंत किती दिवस लागले, किती माणसांचे किती तास गेले, कोणते भाग बदलले, हे सगळं संसदेच्या पटलावर ठेवा. पहिल्या वेळी तो आकडा दोनशे दिवस आला तरी चालेल, फाल्कनचा तर वर्षाच्या आसपास होता. पण तो मोजला जावा आणि पुढच्या बूस्टरचं बजेट तो किती कमी झाला यावर ठरावं.